लुईस एन्रिके: सगळीकडं खेळलेला माणूस कोच होतो तेव्हा

प्रश्न असा आलाय: "लुईस एन्रिके रियल माद्रिद आणि बार्सिलोना दोन्हीकडं खेळला, एवढा मोठा प्लेअर होता, म्हणूनच कोच म्हणून चालला ना? त्याचं करिअर जरा नीट सांगा. आम्ही बारा-तेरा वर्षांच्या पोरांना शिकवतो, आम्हाला त्यातून घेण्यासारखं काय आहे? आणि एकच मॅच बघायची असेल तर कुठली बघू?"

आधी माझं सांगतो म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी कोल्हापूरचा, पेठेतल्या तालमीच्या टीमकडून शाहू स्टेडियमवर बरीच वर्षं हाफला, म्हणजे मधल्या फळीत, खेळलो, गुडघा गेल्यावर पोरांना शिकवायला लागलो, त्याला आता सतरा वर्षं झाली. लायसन्सचे कोर्स केले, पण खरं शिकलो ते मॅच परत परत बघून आणि पोरांवर प्रयोग करून, त्यातले निम्मे फसले. त्यामुळं हे उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

पहिल्या भागाचं उत्तर लगेच देतो. नाव मोठं होतं म्हणून त्याला दारं उघडली, हे खरं. पण नाव दारापर्यंतच कामाला येतं, आत गेल्यावर पहिल्याच मोठ्या नोकरीत तो आपटला होता, ते पुढं येईल. माझ्या मते त्याच्या कोचिंगची मुळं त्याच्या नावात सापडत नाहीत, तो प्लेअर म्हणून कसा होता त्यात सापडतात. तो जागा नसलेला प्लेअर होता.

म्हणजे काय ते सांगतो. जन्म 8 मे 1970, गिहोन, स्पेनच्या उत्तरेला अस्तुरियास नावाचा भाग आहे तिथलं समुद्रकाठचं गाव. सगळे त्याला लुचो म्हणतात. स्पोर्टिंग गिहोनकडून सुरुवात, तिथं तो फॉरवर्ड, गोल करणारा. 1991 ला रियल माद्रिदनं घेतला आणि तिथं पाच वर्षांत त्याला सगळीकडं खेळवलं, कधी विंगला, कधी हाफला आणि बऱ्याच वेळा चक्क राईट बॅकला, म्हणजे उजवीकडच्या बचावाला! कोच बदलला की याची जागा बदलायची. त्या पाच वर्षांत लीगमध्ये गोल 15. मग 1996 ला काँट्रॅक्ट संपल्यावर फुकटात बार्सिलोनाला गेला, तिथं त्याला पुढं मोकळं सोडलं, तर आठ वर्षांत लीगमध्ये 73 गोल. माणूस तोच, पाय तेच. पोरांच्या पालकांना मी हे दोन आकडे नेहमी सांगतो, कारण "आमचा पोरगा बॅकला वाया चाललाय" हे वाक्य मला महिन्यातून एकदा तरी ऐकावं लागतं.

आता माद्रिदमधून थेट बार्सिलोनाला जाणं म्हणजे काय ते कोल्हापूरकरांना जास्त सांगायला नको. एका पेठेचा पोरगा दुसऱ्या पेठेची जर्सी घालून आला की स्टँडमधून काय काय ऐकावं लागतं ते आपण बघितलंय, त्याला शंभरनं गुणा. आणि हा काही गपचूप गेलेला नव्हता, जानेवारी 1995 ला माद्रिदनं बार्सिलोनाला 5-0 धुतलं त्यात एक गोल याचा होता. नंतर बार्सिलोनाकडून माद्रिदच्याच मैदानावर गोल मारून जर्सी धरून दाखवणारा पण हाच. आणि गंमत म्हणजे बार्सिलोनाच्या लोकांनी त्याला असा आपला मानला की पुढं तो तिथला कॅप्टन झाला. माद्रिदमध्ये आपली कदर झाली नाही असं तो नंतर उघड बोललाय.

देशाकडून 62 मॅच, तीन वर्ल्ड कप, 1992 ला बार्सिलोनातच झालेल्या ऑलिम्पिकचं गोल्ड, त्या टीममध्ये पुढं मोठा कोच झालेला गार्डिओला पण होता. पण जुन्या लोकांना तो आठवतो 1994 च्या वर्ल्ड कपमधल्या रक्तानं भरलेल्या चेहऱ्यामुळं. इटलीविरुद्ध क्वार्टर फायनल, शेवटची मिनिटं, बॉक्समध्ये तासोत्तीनं कोपर मारलं, नाक फुटलं, पांढरी जर्सी लाल झाली आणि रेफरीनं काहीच दिलं नाही, ना पेनल्टी ना कार्ड. स्पेन 2-1 हरलं. तासोत्तीला नंतर आठ मॅचची बंदी घातली, पण मॅच गेली ती गेलीच. रेफरीकडं धावत जाऊन नाक दाखवतानाचा त्याचा तो फोटो एकदा बघा, हा माणूस पत्रकारांशी असा तिरका का बोलतो ते निम्मं तिथंच कळतं.

2004 ला रिटायर झाला. इथं एक गोष्ट लक्षात घ्या, कारण बहुतेक प्लेअर इथंच चुकतात. शूज काढले की दुसऱ्या दिवशी शिट्टी गळ्यात, असं त्यानं केलं नाही. चार वर्षं फुटबॉलपासून लांब. काही काळ ऑस्ट्रेलियाला जाऊन सर्फिंग केलं, न्यूयॉर्क मॅरेथॉन पळाला, मग फ्लोरेन्सला तीन तासांच्या आत मॅरेथॉन काढली, फ्रँकफर्टला आयर्नमॅन केलं, 2008 ला सहारा वाळवंटातली ती कित्येक दिवस चालणारी रेस पण पळाला. लोकांना वाटतं हे वेड आहे. मला वाटतं शरीर थकल्यावर डोकं कसं खोटं बोलतं ते त्याला नीट कळायला लागलं ते तिथं. त्याच्या सगळ्या टीम शेवटच्या वीस मिनिटांत पण पळतात, हे काही आभाळातून पडलेलं नाही.

2008 ला गार्डिओला बार्सिलोनाच्या मेन टीमचा कोच झाला आणि त्याची बी टीमची जागा रिकामी झाली, ती याला मिळाली. तिसऱ्या दर्जाची लीग, मोजकं पब्लिक, अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. 2010 ला ती टीम अकरा वर्षांनी दुसऱ्या डिव्हिजनला आली, पुढच्या वर्षी तिथं थेट तिसरी. मेन टीम वरच्या लीगमध्ये असल्यामुळं बी टीमला वर जाता येत नाही, तसा नियमच आहे, नाहीतर प्रमोशनच्या शर्यतीत असते. त्या पोरांमध्ये सर्जी रॉबेर्तो नावाचा एक हाफ होता. हे नाव लक्षात ठेवा.

मग 2011 ला इटलीतला रोमा क्लब. नवीन अमेरिकन मालक, त्यांना बार्सिलोनासारखं खेळणारी टीम पाहिजे होती, आणि हा बार्सिलोनाहून आलेला मोठ्या नावाचा कोच. सुरुवातच युरोपा लीगच्या क्वालिफायिंगमध्ये स्लोव्हान ब्रातिस्लाव्हाकडून बाहेर पडण्यानं. घरच्या मॅचमध्ये टोट्टीला, रोमाच्या सगळ्यात लाडक्या प्लेअरला, बाहेर काढलं. टोट्टीला! रोममध्ये! पब्लिकनं शिट्ट्या घातल्या. नंतर फेब्रुवारीत डी रॉस्सी, रोमाचाच दुसरा मोठा प्लेअर, टीम मीटिंगला उशिरा आला म्हणून त्याला मॅचमधून वगळला, ती मॅच अटलांटाकडून 4-1 हरले. सीझन संपला तेव्हा टीम सातवी. काँट्रॅक्टचं एक वर्ष शिल्लक असताना तो स्वतःच निघून गेला.

मी याच्यावर बराच विचार केलाय, कारण असलाच घोळ मी पण घातलाय. एका शाळेच्या टीमला शिकवायला गेलो होतो, पहिल्याच आठवड्यात तिथला सगळ्यात लाडका पोरगा प्रॅक्टिसला दहा मिनिटं उशिरा आला म्हणून बेंचवर बसवला. नियम बरोबरच होता. पण पोरांनी मला अजून आपला मानलं नव्हतं आणि मी नियम लावून मोकळा. पुढचे दोन महिने ड्रेसिंग रूममध्ये माझ्याशी कोणी धड बोलत नव्हतं. एन्रिकेचं रोममध्ये हेच झालं असं मला वाटतं. तो चुकीचं सांगत नव्हता, पण शहरातलं त्याचं खातं उघडायच्या आधीच त्यानं त्यातून पैसे काढायला सुरुवात केली.

आणि नंतर त्यानं काय केलं बघा. एक वर्ष घरी. मग 2013 ला सेल्टा व्हिगो. आदल्या वर्षी खाली जाता जाता वाचलेली टीम, सतरावी आली होती. तिथं कोणाला बार्सिलोनाची नक्कल नको होती, लीगमध्ये टिकायचं होतं. त्यानं नवव्या नंबरला आणली, आणि शेवटी शेवटी रियल माद्रिदला 2-0 हरवून त्यांच्या लीग जिंकायच्या आशेवर पाणी ओतलं. ऑलिम्पिक गोल्डवाल्या माणसानं सेल्टाला जाणं म्हणजे एक पायरी उतरणंच होतं, आणि मोठी नावं ही पायरी सहसा उतरत नाहीत, टीव्हीवर एक्स्पर्ट म्हणून बसतात.

2014 ला बार्सिलोना. मेस्सी, नेमार आणि सुआरेझ, म्हणजे पुढं तीन वाघ, आणि सुआरेझ समोरच्या प्लेअरला चावल्याच्या शिक्षेमुळं ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत खेळूच शकत नव्हता. एन्रिके रोज टीम बदलायचा, पेपरवाले वैतागले होते. 4 जानेवारी 2015, रियल सोसिएदादविरुद्ध त्यानं मेस्सी आणि नेमार दोघांना बेंचवर बसवलं, कारण ते सुट्टीवरून उशिरा परतले होते. मॅच 1-0 हरले, ती पण आल्बाच्या ओन गोलनं. दुसऱ्या दिवशी मेस्सी प्रॅक्टिसला आला नाही, स्पोर्टिंग डायरेक्टरला काढून टाकलं, दोन दिवसांनी अध्यक्षांनी मुदतीआधी इलेक्शन जाहीर केलं. सगळ्यांना वाटलं की हा आता आठवडाभराचा पाहुणा, रोमाचीच गोष्ट परत.

इथं त्याचं शिक्षण दिसतं. तो वाकला का? थोडा वाकला. टीम बदलणं कमी केलं, मेस्सी उजवीकडं आणि सुआरेझ मध्ये हे जुळतंय असं दिसल्यावर त्याला हात लावला नाही. पण पळण्याचा नियम सोडला नाही, बॉल गेला की पुढच्या तिघांनी पण समोरच्यावर धावून जाऊन दाबायचं. पुढच्याच रविवारी ॲटलेटिको माद्रिदला 3-1 हरवलं आणि तिघांनी एकेक गोल मारला. मे-जूनपर्यंत लीग, कप आणि 6 जूनला बर्लिनमध्ये युव्हेंटसला 3-1 हरवून चॅम्पियन्स लीग, तिन्ही घरात. त्या सीझनला त्या तिघांचे मिळून 122 गोल. लोक म्हणतात असले तीन प्लेअर असले की कोण पण जिंकेल. मी म्हणतो असले तीन प्लेअर एकमेकांसाठी पळायला लावून दाखवा.

आता सर्जी रॉबेर्तो. बी टीममधला तो हाफ, आता मेन टीममध्ये, आणि एन्रिकेनं त्याला राईट बॅक करून टाकला. स्वतःवर माद्रिदमध्ये जे झालं तेच, फक्त फरक असा की याला शिकवून, समजावून, महिनोन्महिने तयार करून. फेब्रुवारी 2017 ला चॅम्पियन्स लीगमध्ये पीएसजीकडून, म्हणजे पॅरिसच्या क्लबकडून, पॅरिसमध्ये 4-0 मार खाल्ला होता. परतीच्या मॅचआधी एन्रिके म्हणाला की ते आम्हाला चार मारू शकतात तर आम्ही त्यांना सहा मारू शकतो. लोक हसले. 8 मार्चला 3-0 केलं, मग कावानीनं एक मारला, म्हणजे आता अजून तीन पाहिजेत (दोन्ही मॅचचे गोल एकत्र धरायचे, आणि तेव्हा बरोबरी झाली तर बाहेरच्या मैदानावर जास्त गोल मारलेली टीम पुढं जायची), आणि सत्त्याऐंशी मिनिटं होईपर्यंत काही नाही. नेमारनं 88 व्या मिनिटाला फ्री किक, मग पेनल्टी, आणि 95 व्या मिनिटाला नेमारनं उचललेल्या बॉलवर पाय लांब करून शेवटचा गोल मारला तो सर्जी रॉबेर्तोनं, जो सबस्टिट्यूट म्हणून आला होता. 6-1. आमच्या गल्लीत रात्री सव्वातीनला लोकांनी भांडी वाजवली होती, खरं सांगतो.

त्या आधी आठवडाभर त्यानं जाहीर केलं होतं की सीझन संपला की मी जाणार, मला विश्रांती पाहिजे. तीन वर्षांत नऊ ट्रॉफ्या आणि दमलो म्हणून सोडलं.

2018 ला स्पेनच्या नॅशनल टीमचा कोच झाला. मार्च 2019 मध्ये अचानक रजेवर गेला, जूनमध्ये पद सोडलं. कारण नंतर कळलं. धाकटी मुलगी, झाना, नऊ वर्षांची, हाडाचा कॅन्सर. 29 ऑगस्ट 2019 ला गेली. याच्यावर मी जास्त लिहिणार नाही. तो स्वतः एवढंच म्हणाला होता की आम्ही नशीबवान, आम्हाला तिच्यासोबत नऊ वर्षं मिळाली. नोव्हेंबरमध्ये तो कामावर परत आला.

स्पेनबरोबरचा काळ मला कोच म्हणून सगळ्यात जास्त आवडतो, जरी ट्रॉफी एक पण नाही. प्रॅक्टिसच्या ग्राऊंडला लोखंडी मचाण उभं केलं आणि वरून बघायचा. का? कारण साईडलाईनवरून आपल्याला प्लेअर दिसतात, त्यांच्यातली अंतरं दिसत नाहीत. मी हे ऐकल्यावर शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीवर जाऊन माझी टीम बघितली, आणि सांगतो, मला घाम फुटला. खालून वाटत होतं की पोरं छान पसरलीत, वरून बघितलं तर नऊ पोरं पंधरा मीटरच्या गोळक्यात, आणि दोन बिचारी एकटी. तुम्ही फुकटात एकच गोष्ट करणार असाल तर ही करा, गच्ची शोधा, नसेल तर कोणाला तरी उंचावरून मोबाईलवर शूट करायला सांगा.

टीम निवडताना पण तोच हट्टी माणूस. 2021 ला झालेल्या युरोसाठी 26 प्लेअर नेता येत होते, यानं 24 च नेले, आणि त्यात रियल माद्रिदचा एक पण नाही, असं आधी कधीच झालं नव्हतं. पेद्री अठरा वर्षांचा, सगळ्या मॅच खेळवला. सेमी फायनलला इटलीकडून टायब्रेकरमध्ये, म्हणजे पेनल्टीवर, हरले, पण खेळ स्पेनचाच भारी होता. ऑक्टोबरमध्ये गावीला सतरा वर्षांचा असताना उतरवला.

आणि मग कतार, 2022. कोस्टारिकाला 7-0. जपानकडून 2-1 हार. रॉद्री, जगातला एक नंबरचा हाफ, याच्या टीममध्ये मागं सेंटर बॅकला, परत तीच जागा बदलण्याची सवय! रात्री प्लेअरच्या ऐवजी कोचच ट्विच या व्हिडिओ साईटवर लाईव्ह येऊन लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत बसायचा. मोरोक्कोच्या मॅचआधी म्हणाला की मी पोरांना वर्षभरापूर्वीच होमवर्क दिलंय, इथं येईपर्यंत क्लबमध्ये प्रत्येकानं किमान हजार पेनल्टी मारून यायचं. मॅचला हजाराच्या वर पास झाले, गोल शून्य. टायब्रेकरला तीन पेनल्टी मारल्या आणि तिन्ही गेल्या, साराबियाची पोस्टला, सोलेर आणि बुस्केट्सच्या गोलकीपर बोनोनं अडवल्या. शेवटची पेनल्टी मारायला मोरोक्कोचा राईट बॅक आला, माद्रिदमध्येच जन्मलेला, अश्रफ हकीमी, आणि त्यानं गोलकीपरला आडवा पाडून मधून हळूच चिप केली. पनेंका. स्पेन बाहेर, एन्रिकेची नोकरी गेली.

माझं मत, त्या मॅचला तो स्वतःच्याच नियमात अडकला होता. बॉल आपल्याकडं राहतो, सगळे जागच्या जागी उभे, पास बरोबर, पण कोणी कोणाची जागा घेत नाही, समोरच्याला काही कोडंच पडत नाही. पेठेत बसून घड्याळाकडं बघत दोन तास पास मोजले मी त्या दिवशी.

जुलै 2023 ला पीएसजी. आणि तिथं राईट बॅक कोण? हकीमी. ज्यानं घरी पाठवला तोच आता याचा प्लेअर.

पहिलं वर्ष एमबापेचं, म्हणजे तिथल्या सगळ्यात मोठ्या स्टार फॉरवर्डचं. फ्रान्समधलं सगळं जिंकले, चॅम्पियन्स लीगच्या सेमीला डॉर्टमुंडकडून दोन्ही मॅच 1-0 हरले, पोस्ट आणि बारला बॉल लागून लागून. एमबापेनं त्या सीझनला 44 गोल मारले आणि फुकटात माद्रिदला गेला. सगळे म्हणाले संपलं. एन्रिकेचं उलटच. त्याचा एक व्हिडिओ फिरला होता, एमबापेला समोर बसवून सांगतोय की तुला मायकल जॉर्डन आवडतो ना, जॉर्डन टीममधल्या सगळ्यांना पकडून डिफेन्स करायला लावायचा, तू पण आधी दाबायला पळ, मग लीडर. एवढ्या मोठ्या स्टारला तोंडावर हे सांगायला स्वतः कधीतरी राईट बॅकला घाम गाळलेला असावा लागतो. हां, इथं प्लेअर असल्याचा फायदा झाला, मान्य. पण गोल मारल्याचा नाही, बॅकला खेळल्याचा.

एमबापे गेल्यावर टीममध्ये कोणाची म्हणून जागा राहिली नाही. डेम्बेले, विंगर, आदल्या सीझनला लीगमध्ये 3 गोल. ऑक्टोबर 2024 ला आर्सेनलच्या मॅचला त्याला शिस्तीच्या कारणावरून लंडनला नेलाच नाही, हरले 2-0. बघा, रोमाचाच नियम, पण आता मागं उभी असलेली टीम होती. नंतर डिसेंबरच्या आसपास त्यालाच मधे घेतला, फॉरवर्ड म्हणून पण पुढं उभा न राहणारा, खाली येणारा, दाबणारा. त्या सीझनला लीगमध्ये 21 गोल आणि सप्टेंबर 2025 ला बॅलन डी'ऑर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम प्लेअरचं बक्षीस.

मधे हाल पण झाले हं. चॅम्पियन्स लीगच्या नवीन फॉरमॅटमध्ये 22 जानेवारी 2025 ला मँचेस्टर सिटी, म्हणजे त्यांचा कोच गार्डिओला, समोर, आणि 2-0 नं मागं, जवळजवळ बाहेरच. डेम्बेलेला हाफ टाईमला मैदानात आणलं होतं, 4-2 नं जिंकले. टेबलमध्ये पंधरावे आले. मग ब्रेस्टला दोन मॅचमध्ये मिळून 10-0, लिव्हरपूलला त्यांच्याच घरी टायब्रेकरला, ॲस्टन व्हिला, आर्सेनल.

आता तुम्ही पोरांना शिकवता म्हणून ग्राऊंडवरची गोष्ट. पीएसजीची उजवी बाजू घ्या. बॅक हकीमी, हाफ जोआओ नेवेस किंवा व्हिटिन्हा, विंगर डुए. जागा तीन, लाईनजवळची एक, मधली एक आणि मागची एक. माणसं तीन. पण जागांवर कोणाच्या नावाच्या पाट्या नाहीत. हकीमी आत घुसला की डुए लाईनला जातो, हाफ मागं येऊन बॅकची जागा भरतो. नियम एकच, जागा रिकामी राहायला नको, आणि दोघं एका जागेत नकोत. समोरचा बिचारा ठरवत बसतो की मी माणूस धरू की जागा धरू.

हे मी तेरा वर्षांखालच्या पोरांना शिकवायला गेलो आणि पहिला महिना नुसता गोंधळ. सगळेच पुढं. मग चुन्यानं तीन चौकोन आखले, सात बाय सात पावलांचे, तीन पोरं, आणि शिट्टी वाजली की कोणीतरी चौकोन सोडायचाच, बाकीच्या दोघांनी त्याच्याकडं बघून ठरवायचं. बोलायचं नाही, फक्त बघायचं. बॉल पण नव्हता पहिले चार दिवस. पाचव्या दिवशी बॉल दिला. आता त्यातली बरीच पोरं पास द्यायच्या आधी मान वळवतात, आणि मला तेवढंच पाहिजे होतं. मोठ्यांच्या मॅच बघून थेट फॉर्मेशन उचलू नका, मान वळवायला शिकवा.

"मोठा प्लेअर पाहिजेच का" याला एक जवळचं उदाहरण देतो. सर्जियो लोबेरा, स्पॅनिशच, प्लेअर म्हणून त्याचं नाव कोणाला माहीत नाही, बार्सिलोनाच्या अकॅडमीत कोचिंग करत वर आला, मग 2017 पासून एफसी गोवा, आणि 2020-21 ला मुंबई सिटीला शील्ड (लीग टेबलमध्ये पहिलं आल्याची) आणि आयएसएल ट्रॉफी दोन्ही जिंकून दिल्या. उलट कार्लोस पेन्या, एफसी गोवाकडूनच डिफेंडर म्हणून खेळला आणि 2022 ला त्याच टीमचा कोच झाला, एका सीझनमध्ये थांबला. प्लेअर असणं म्हणजे बसचा पास आहे, गाडी चालवायचं लायसन्स वेगळं.

मॅच कुठली बघायची? 31 मे 2025, म्युनिक, इटलीच्या इंटर मिलानविरुद्धची चॅम्पियन्स लीग फायनल. 5-0, फायनलमधला आजवरचा सगळ्यात मोठ्या फरकाचा विजय. मॅच संपल्यावर पॅरिसच्या पब्लिकनं स्टँडमध्ये एक भलं मोठं चित्र उघडलं, एन्रिके आणि छोटी झाना मैदानात क्लबचा झेंडा रोवताना. 2015 ला बर्लिनमध्ये तिनं खरंच बापासोबत बार्सिलोनाचा झेंडा रोवला होता. ते बघताना रुमाल जवळ ठेवा.

पण कोच म्हणून बघायचं तर सुरुवात चुकवू नका. पहिलीच किक व्हिटिन्हानं मुद्दाम लांब मारून बॉल बाहेर घालवला, इंटरच्या कोपऱ्याजवळ. नवख्याला वाटेल चुकला. त्यांना थ्रो पाहिजेच होता, समोरच्याला त्याच्याच कोपऱ्यात कोंडून दाबायला. मग इंटरच्या गोल किकला डेम्बेले बॉक्सच्या लाईनवर वाकून त्यांच्या गोलकीपरकडं, सोमरकडं, कसा बघत उभा राहतो ते बघा. आणि 12 व्या मिनिटाला व्हिटिन्हाचा पास आत डुएकडं, डुएनं स्वतः न मारता आडवा दिला, आणि गोलसमोर चार पावलांवर एकटा उभा होता राईट बॅक हकीमी. सेंटर फॉरवर्डच्या जागेवर. टॅप केला आणि जुन्या टीमची माफी मागितल्यासारखे हात वर केले, कारण तो आधी इंटरला खेळलेला.

तर ती मॅच लावा आणि पहिली बारा मिनिटं बॉलकडं बघूच नका. फक्त हकीमी बघा, तो कुठनं निघतो, निघाला की त्याच्या जागेवर कोण येतं, ते वहीत लिहा. मग परत मागं घेऊन बॉल बघा.